छाया, प्रकाश आणि नऊवारीच्या निऱ्या

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप आशय)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत तैलचित्रकलेचा विषय यावा, हे कोणाला काहीसे आडवाटेचे वाटेल. परंतु निदान या बडोदे शहरात तरी ग्रंथ आणि चित्र यांचे नाते फार जवळचे आहे. ज्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला, त्यांनीच त्याआधी दोन दशके राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक प्रसंगांवरील चौदा तैलचित्रे करवून घेतली होती. पोथीत वाचलेली आणि कीर्तनात ऐकलेली दमयंती, सुभद्रा किंवा मत्स्यगंधा या चित्रांतून प्रथमच हाडामांसाची होऊन लोकांसमोर उभी राहिली. ती हाडामांसाची कशामुळे झाली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचे थोडक्यात उत्तर द्यावयाचे तर ती छायेमुळे झाली. आणि ही छाया चित्रकाराने जेथे सर्वाधिक कष्टाने अभ्यासली, ती जागा म्हणजे चेहरा नव्हे, वस्त्र होय.

आपल्याकडील जुन्या चित्रांत वस्त्र नव्हते असे नाही. पेशवाईतील वाड्यांच्या भिंती, चित्रकथीच्या पोथ्या, तंजावरच्या मराठी राजवटीत बहरलेली सोनेरी वर्खाची चित्रे यांतून वस्त्रांची रेलचेल आहे. परंतु तेथील वस्त्र रेषेने आणि रंगाने सांगितलेले आहे. शालूचा रंग कोणता, काठ केवढा, बुट्टी कशी, हे त्या चित्रातून बिनचूक कळते. अंगाच्या गोलाईसाठी क्वचित एखादी गडद छटाही दिलेली असते. मात्र प्रकाश अमुक एका बाजूने येतो आहे आणि त्यामुळे दुसरी बाजू काळोखात गेली आहे, असा विचार त्या चित्रात नसतो. तेथे उजेड सर्वत्र सारखाच असतो, कारण ते चित्र एखाद्या दिवसाच्या एखाद्या प्रहराचे नसते. हा त्या परंपरेचा दोष नव्हे. देवाच्या मूर्तीवर कोणत्या खिडकीतून ऊन पडले, हा प्रश्नच तिला पडला नव्हता.

युरोपातून आलेल्या तैलचित्राने नेमका हाच प्रश्न विचारला. इटालियन भाषेत या तंत्राचे जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘उजळ-काळोखे’ असा होतो. आपण त्यास छायाप्रकाश म्हणतो. त्याचे मूळ तत्त्व समजण्यास एक साधे उदाहरण पुरेसे आहे. खिडकीजवळच्या मेजावर एक पांढरा चेंडू ठेवला, तर त्यावर केवळ उजेड आणि अंधार असे दोनच भाग दिसत नाहीत. खिडकीकडील बाजू उजळ असते, आणि तिच्यातच एखादा लहानसा तेजोबिंदू चमकतो. पुढे उजेड हळूहळू मंदावत जातो. ही मधली छटा. त्यानंतर खिडकीचा प्रकाश पोहोचत नाही अशी गडद छायेची पट्टी येते. विशेष असे की सर्वांत गडद जागा चेंडूच्या अगदी कडेला नसते, ती कडेच्या थोडी अलीकडे असते. कारण कडेच्या भागावर मेजावरून उलटलेला अंधुक उजेड पडलेला असतो. आणि शेवटी चेंडूची स्वतःची पडछाया मेजावर पडते. गाल, खांदा, दंड, गुडघा हे सारे या चेंडूचेच निरनिराळे अवतार आहेत. या पाच-सहा पायऱ्या ज्याला डोळ्याने वेचता येतात, त्यालाच सपाट पटावर गोलाई निर्माण करता येते. नवशिका चित्रकार बहुधा मधल्या छटेत चुकतो. तो उजेडाला पांढरा आणि छायेला काळा रंग लावून मोकळा होतो, आणि मग त्याची आकृती मातीने सारवल्यासारखी दिसू लागते.

यासाठी प्रकाश स्थिर असावा लागतो. म्हणून चित्रशाळेची खिडकी उत्तरेकडे ठेवण्याची प्रथा पडली. आपल्या गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन सहसा येत नाही, आकाशाचा शांत उजेड दिवसभर जवळजवळ एकाच दिशेने मिळतो. दक्षिणेच्या खिडकीतील उन्हाचा कवडसा मात्र तासाभरात सरकतो, आणि सकाळी आखलेली छाया दुपारी खोटी ठरते.

तैलरंगाचा स्वभाव या कामाला विशेष अनुकूल आहे. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. जवसाचे तेल उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. त्यामुळे रंग काही दिवस ओला राहतो आणि उजेडाची कड छायेत अलगद मिसळता येते. दुसरा गुण असा की तोच रंग पातळ लावला तर काचेसारखा पारदर्शक होतो आणि जाड लावला तर अपारदर्शक. जुन्या पद्धतीने काम करणारा चित्रकार प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात संपूर्ण आकृतीची छाया बसवून घेतो. ही पायरी बिनरंगी असली तरी चित्राचा भरवसा तिच्यावरच असतो. त्यानंतर छायेचे भाग पातळ आणि पारदर्शक ठेवावयाचे, आणि उजेडाचे भाग सफेद्याच्या जाड थरांनी उभारावयाचे, असा संकेत आहे. पातळ छायेतून नजर आत शिरते, जाड उजेडावर ती अडते. म्हणून छाया मागे सरते आणि उजेड पुढे येतो. आणखी एक नियम जुने जाणकार कसोशीने पाळीत: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात अधिक. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी आखडतो आणि काही वर्षांत चित्राला भेगा पडतात.

आता वस्त्राकडे वळू. वस्त्राला स्वतःचा आकार नसतो. त्याला आकार येतो तो दोन गोष्टींमुळे: ज्या देहावर ते आहे त्याच्या उंचवट्यांमुळे, आणि त्याला खाली ओढणाऱ्या स्वतःच्या वजनामुळे. कापड जेथे अडकले, खोवले किंवा दाबले गेले असेल तेथून प्रत्येक चुणी निघते. खांद्यावरून सुटलेल्या चुण्या एका बिंदूतून किरणांसारख्या पसरतात. दोन टोकांमध्ये लोंबणाऱ्या कापडाला माळेसारखा झोळ पडतो. दुमडलेल्या कोपरापाशी किंवा गुडघ्यामागे चुण्या नागमोडी मोडतात, आणि जमिनीला टेकलेले कापड तुटक कोनांत विसावते. चुणीचा उगम न शोधता जो तिची नुसती नक्षी उतरवतो, त्याच्या चित्रातील वस्त्राखाली देह उरत नाही.

युरोपातील चित्रकारांनी हा अभ्यास किती निष्ठेने केला याची साक्ष वासारी या चरित्रकाराने दिली आहे. तरुण लिओनार्दो मातीच्या पुतळ्यांवर मातीच्या राबडीत भिजवलेले कापड पांघरीत असे आणि त्याच्या चुण्या बारीक तागाच्या पटावर कुंचल्याने चितारीत असे, असे वासारी सांगतो. या खटाटोपामागे अगदी व्यावहारिक कारण होते. जिवंत माणूस श्वास घेतो, अवघडतो, उठून पाणी पिऊन येतो. तो पुन्हा बसला की एकही चुणी पूर्वीच्या जागी नसते. राबडीने ताठरलेले कापड मात्र हलत नाही. पुढील काळात याच हेतूने सांध्यांचे लाकडी पुतळे चित्रशाळांतून ठेवले जाऊ लागले.

परंतु ही सारी विद्या अंगरखे आणि झगे यांच्यावर पोसलेली होती. आपल्याकडील चित्रकारासमोर जे वस्त्र आले ते न शिवलेले, नऊ वार लांबीचे, एकाच वेळी गुंडाळलेले, चुण्या घातलेले, खोवलेले आणि पांघरलेले. नऊवारीचा विचार चित्रकाराच्या दृष्टीने केला तर तिची अवघडता लक्षात येते. कमरेभोवतीचा वेढा ताणलेला असतो, तेथे चुण्या जवळजवळ नसतात आणि देहाची गोलाई सरळ दिसते. पुढील निऱ्या एका खोचलेल्या बिंदूतून सुटतात. त्यांचा मधला भाग मागे नेऊन कासोटा घातला की मांडीवर तिरका ताण येतो आणि पोटरीजवळ कापड फुगते. पदर छातीवरून तिरका चढून खांद्यावर टेकतो, आणि तेथून स्वतःच्या वजनाने पाठीमागे सुटतो. एकाच वस्त्रात ताण, झोळ, मोड आणि लोंबणे हे चारही प्रकार हातभर अंतरावर एकत्र येतात. शिवाय काठ असतो. काठ हा चित्रकाराचा मित्रही आणि परीक्षकही. कापड ज्या दिशेने वळले ती दिशा काठ उघड करून दाखवतो, आणि चित्रकार चुकला असेल तर ती चूकही काठच उघड करतो.

कापडाचा पोत आणखी वेगळी मागणी करतो. सुती लुगड्यावर उजेड पसरतो. त्याच्या चुण्यांच्या कडा मऊ असतात. रेशमावर तो एकवटतो. तेथे चुणीच्या माथ्यावर धारदार चमक आणि लगेच शेजारी खोल रंग असतो. पांढऱ्या वस्त्रात शुद्ध पांढरा रंग फार थोड्या जागी लागतो, उरलेले सारे करडे, निळसर, पिवळसर असते. जर दाखविण्याची रीत तर परंपरेचा भेद स्पष्ट करणारी आहे. तंजावरचा चित्रकार सोन्याचा खरा वर्ख लावीत असे. तैलचित्रकार सोने वापरीत नाही. पिवळ्या मातीचा रंग, तपकिरी छाया आणि योग्य जागी फिकट पिवळ्याचा एखादाच जाड ठिपका, एवढ्यावर तो जर झळकवतो. म्हणजे ती झळाळी धातूची नसून शेजारच्या काळोखाची असते.

हे सारे रविवर्मा यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता मिळवले. त्यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोरातील किळिमानूर येथे झाला. त्रावणकोरच्या दरबारात तैलरंग जाणणारे चित्रकार होते, पण ही विद्या दुसऱ्याला देण्यास ते उत्सुक नव्हते असे चरित्रकार सांगतात. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार तेथे आला. त्याने शिकविले नाही, केवळ काम करताना पाहू दिले. त्या पाहण्याच्या शिदोरीवर पुढील साधना झाली. १८८१ साली सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सुमारास रविवर्मा प्रथम बडोद्यास आले आणि त्यांनी येथे राजघराण्यातील व्यक्तिचित्रे रंगविली. पुढे १८८८ साली चौदा पौराणिक चित्रांचे काम त्यांच्याकडे आले, आणि ते १८९० पर्यंत पुरे झाले. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, राधा-माधव, विश्वामित्र-मेनका हे प्रसंग त्यांपैकीच.

या कामापूर्वी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. पुराणकाळातील स्त्रीपुरुषांना कोणता वेष द्यावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. प्रांतोप्रांतीचे वेष इतके भिन्न होते की सर्वांना आपला वाटेल असा एकच प्राचीन वेष सापडणे शक्य नव्हते. अखेरीस त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर जी साडी आली तिचे वळण पुष्कळसे मराठी आहे. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांच्या प्रसिद्ध वादक स्त्रियांच्या चित्रात तर निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया आपापल्या वेषांत एकत्र बसल्या आहेत. केरळच्या चित्रकाराने, गुजरातेतील मराठी संस्थानिकासाठी, युरोपच्या तंत्राने, सर्व हिंदुस्थानच्या पुराणकथा रंगवाव्यात आणि त्यांत साडीच्या निऱ्यांना असे मानाचे स्थान मिळावे, ही घटना पुन्हा पुन्हा विचार करण्याजोगी आहे.

तिच्यावर आक्षेपही झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी या चित्रांत नाटकीपणा आहे, कल्पकतेची उणीव आहे आणि भारतीय भाव नाही, असे परखडपणे म्हटले. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. काही चित्रांतील पात्रे रंगभूमीवरील प्रवेशाप्रमाणे प्रेक्षकांकडे तोंड करून उभी आहेत, हे मान्य करावे लागेल. देवतेच्या चेहऱ्यावर छाया पडली की ती एका विशिष्ट घटकेत, एका विशिष्ट खोलीत येऊन बसते. तिचे कालातीतपण काही अंशी हरपते, हेही खरे आहे. जुन्या चित्रकाराने छाया टाळली ती अज्ञानामुळेच असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

परंतु जे हरपले त्याच्या बदल्यात काय मिळाले, हेही पाहावयास हवे. तंत्र उसने होते; पाहणे उसने नव्हते. कासोट्याचा ताण मांडीवर कसा पडतो, हे युरोपातील कोणत्याही चित्रशाळेने शिकविले नव्हते. त्यासाठी कोणी तरी जिवंत स्त्री समोर बसावी लागे. त्या काळी कुलीन घरातील स्त्रीने चित्रकारासमोर तासन् तास बसणे लोकापवादाचे होते. तरीही कोणी बसल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे चित्राखाली नाहीत. तेथे दमयंती, मेनका, सरस्वती अशी नावे आहेत. मात्र खांद्यावरून घसरू पाहणारा पदर ज्या हाताने सावरला आहे, तो हात पुराणातला नाही. तो त्या काळच्या एका खऱ्या स्त्रीचा आहे, आणि छायाप्रकाशाच्या अभ्यासामुळेच तिचे अस्तित्व टिकून राहिले आहे. भारतीय भाव शोधावयाचा तर तो केवळ कथेत न शोधता या निरीक्षणातही शोधावा, असे सुचवावेसे वाटते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. बहुतेक मराठी घरांना रविवर्मा ठाऊक झाले ते तैलचित्रांतून नव्हे, तर छापील चित्रांतून. १८९४ साली मुंबईत गिरगावात त्यांचा छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. या छापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचविल्या, हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु दगडावरील छपाईत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो. तैलचित्रातील असंख्य मधल्या छटा मोजक्या दगडांत मावत नाहीत. छापील प्रतीत आकृती राहिली, काठ राहिला, रंग तर भडक होऊन राहिले. गेली ती मधली छटा. म्हणजे ज्या गुणासाठी चित्रकाराने आयुष्य वेचले तोच गुण मुद्रणात प्रथम सांडला. छापील चित्र पाहून मूळ चित्रकाराचा निवाडा करणे म्हणजे सारांश वाचून कादंबरीवर टीका करण्यासारखे आहे, हे ग्रंथालयाच्या सभासदांस अधिक सांगावयास नको.

छायाप्रकाशाची ही विद्या रविवर्मा यांच्याबरोबर संपली नाही. गोव्याचे आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांनी तैलरंगात घरगुती स्त्रियांची जी चित्रे केली, त्यांत मंद उजेडाचा अभ्यास उत्कट आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे दिवा हाती धरलेल्या तरुणीचे चित्र मैसूरच्या त्याच जगन्मोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा दिव्याचा प्रकाश पाहून पुष्कळ जण ते रविवर्मा यांचे तैलचित्र समजतात. वास्तविक ते जलरंगातील आहे. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली घडलेले ना. श्री. बेंद्रे १९५० साली बडोद्याच्या विद्यापीठात नव्याने निघालेल्या ललितकला विभागात आले. त्यांची स्वतःची कला वास्तववादाच्या पुष्कळ पलीकडे गेली. तरीही त्यांच्या कलेचा पाया समोरचे माणूस आणि वस्तू पाहून रेखाटण्याच्या सरावाचाच होता.

शेवटी या चित्रांच्या आयुष्याविषयी. १९७९ साली भारत सरकारने रविवर्मा यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्यामुळे त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परंतु कायद्याने चोरवाट बंद होते, काळाची वाट बंद होत नाही. चित्रावरील व्हार्निश वर्षांगणिक पिवळे पडते. पातळ लावलेल्या छाया अधिक काळवंडतात, आणि त्यांतील परावर्तित उजेडाच्या नाजूक छटा दिसेनाशा होतात. जुन्या पोथीची पाने कसर लागून जातात तेव्हा ते निदान डोळ्यांना दिसते. चित्रातील छाया मात्र कोणाच्या लक्षात न येता बुजते, कारण ती पूर्वी कशी होती हे पाहून ठेवणारे थोडे असतात. जाणकार संवर्धक हवेत हे तर खरेच. त्याहून आधी पाहणारे हवेत.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फतेहसिंह संग्रहालय या सभागृहापासून दूर नाही. तेथे जाताना कथा घरून वाचून जावी, म्हणजे चित्रापुढे उभे राहून ती आठवण्यात वेळ जाणार नाही. प्रथम एवढेच शोधावे की चित्रकाराची खिडकी कोणत्या बाजूस होती. ती सापडली की एखादी निरी निवडावी. ती कमरेशी कोठे खोचली आहे तेथून नजर सुरू करावी, उजेडातून मधल्या छटेत, तेथून छायेत उतरावे, आणि ती जमिनीला टेकते तेथपर्यंत जावे. एवढ्या प्रवासात चित्रकाराने किती दिवस घालविले असतील आणि समोर बसलेली स्त्री किती वेळा अवघडून उठली असेल, याचा अंदाज येऊ लागतो. शताब्दीच्या वर्षी प्रत्येक सभासदाने एक ग्रंथ वाचावा तसे एक चित्रही असे वाचावे, इतकी विनंती करून हे विवेचन येथे पुरे केले जात आहे.